परत आलेला माणूस

तो सिनेमा आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं घर भरलेलं होतं. कुवैतमध्ये, महबूल्यात, समुद्राच्या बाजूला, सातव्या मजल्यावर. मुलगी सहावीत होती. दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे चार-पाच मराठी घरं जेवायला जमायची. कुणी पुण्याचं, कुणी ठाण्याचं, आम्ही नाशिकचे. पुरुष सगळे तेलाच्या धंद्यातले, मीना अब्दुल्लाच्या आसपासच्या प्लांटमध्ये नोकरीला. जेवणं झाली की मी भिंतीवर प्रोजेक्टर लावायचो आणि लोकांना सक्तीने चांगले सिनेमे दाखवायचो. कॉलेजात असताना पुण्यात फिल्म सोसायटीचा सभासद होतो, ती खोड गेली नव्हती. बायको म्हणायची, पोटभर जेवायला घालून वर शिक्षा कशाला करतोस लोकांना.

त्या शुक्रवारी मी आधीच सांगून ठेवलं होतं की आजचा सिनेमा बंदी घातलेला आहे. त्यामुळे पुरुषमंडळी नेहमीपेक्षा वेळेवर आली. मुलांना आतल्या खोलीत पाठवा, असं एकाने बायकोला हळूच सुचवलंही. मग भिंतीवर काळापांढरा बर्फ दिसू लागला, दाढी वाढलेले रशियन लोक चिखल तुडवत चालू लागले, आणि आमच्या पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. अर्ध्या तासात कुणाला खरेदी आठवली, कुणाला झोप. शेवटपर्यंत दोघेच बसलो. मी आणि माझा मित्र.

हा मित्र चिंचवडचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, माझ्याच प्लांटवर, माझ्यासारखाच शिफ्ट इनचार्ज. माझी शिफ्ट संपली की त्याची सुरू व्हायची. सिनेमाचं त्याला फारसं वेड नव्हतं, पण मी दाखवतोय म्हणून बघायचा. माझ्या घरात तो बेल न वाजवता येणारा माणूस होता.

सिनेमाची गोष्ट साधी. महायुद्ध चालू आहे. एक रशियन सैनिक जर्मनांच्या हाती लागतो आणि जीव वाचवायला त्यांचा गणवेश अंगावर चढवतो. मग एक दिवस आपणहून परत येतो, जंगलात लपून लढणाऱ्या आपल्या लोकांकडे. म्हणतो, मला मारा नाहीतर कामाला लावा. कुणाचा त्याच्यावर विश्वास नाही. एका अधिकाऱ्याला वाटतं याला संधी द्यावी, दुसऱ्याला वाटतं सरळ गोळी घालावी. शेवटी तो एका कामगिरीवर जातो आणि आपल्या माणसांसाठी मरतो. एवढंच. पण सरकारला ते पचलं नाही. शत्रूला सामील झालेला माणूस चांगलाही असू शकतो, हे त्यांना लोकांना दाखवायचं नव्हतं. सिनेमा कित्येक वर्षं डब्यात पडून राहिला.

सिनेमा संपल्यावर बायकोने चहा आणला आणि मी भाषण ठोकलं. माणूस एकदा घसरला म्हणून कायमचा वाईट होत नाही, त्याला परत घ्यायची हिंमत पाहिजे, वगैरे. मला स्वतःचंच बोलणं फार आवडत होतं. मित्र बशीत चहा ओतत म्हणाला, "मला नाही पटत. अशाला परत घ्यायचंच कशाला? आज परत आला, उद्या पुन्हा भीती वाटली की पुन्हा जाईल."

"तू फार कडक आहेस रे," बायको म्हणाली.

"कडक नाही वहिनी. मी भित्रा आहे. भित्र्या माणसाचं मला कळतं."

आम्ही हसलो. त्याने आणखी एक चकली घेतली.

आता मधली हकिकत सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्लांटमध्ये एक शिफ्ट जाते आणि दुसरी येते तेव्हा जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळं सांगायचं असतं. कुठला पंप बंद, कुठे गळती, कुठलं काम अर्धवट. याला हँडओव्हर म्हणतात आणि ते लॉगबुकात इंग्रजीत लिहून, दोघांनी सही करून द्यायचं असतं. आम्ही सह्या करायचो, लिहायचोही थोडंफार. पण खरा हँडओव्हर आमचा पार्किंगमध्ये व्हायचा, मराठीत. तो गाडीतून उतरताना, मी गाडीत बसताना. "अरे, तो दोन नंबरचा जरा कुरकुरतोय, लक्ष ठेव." एवढ्यावर काम भागायचं. आपला माणूस आहे म्हटल्यावर लिहिण्याचा कंटाळा यायचा. इजिप्शियनला किंवा मल्याळी माणसाला चार्ज द्यायचा असता तर मी पानभर लिहिलं असतं. आपल्या माणसाला लिहून देणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं. हे आमचं दोघांचं चाललं होतं आणि छान चाललं होतं.

एका सकाळी मी त्याला पार्किंगमध्ये सांगितलं, की अमुक पंपाचं सील गळतंय, तिथे गॅसची तपासणी पुन्हा केल्याशिवाय वेल्डिंगची परवानगी देऊ नकोस. तो म्हणाला, "हो रे बाबा, कळलं. तू जा, झोप." आमच्या बाजूलाच दोघे उभे होते, एक इजिप्तचा फोरमन आणि एक केरळचा ड्रायव्हर. दोघांनी शब्द न् शब्द ऐकला आणि दोघांनाही त्यातलं काही कळलं नाही.

दुपारी भडका उडाला. एका वेल्डरचा हात कोपरापर्यंत भाजला. तो पुढे बरा झाला, कामावरही आला, पण चौकशी बसली. मी सांगितलं, मी तोंडी बजावलं होतं. मित्राला बोलावलं. मी खोलीतच होतो, त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून. तो टेबलाकडे बघत इंग्रजीत म्हणाला की मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मला राग यायला सुद्धा वेळ लागला. मला वाटलं तो प्रश्न समजला नसेल. मी मराठीत म्हटलं, "अरे, पार्किंगमध्ये." मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला इंग्रजीत बोला. मित्र टेबलाकडेच बघत राहिला. लॉगबुकात तर काहीच नव्हतं.

त्याची बायको तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती. नोकरी गेली असती तर अकामा गेला असता, म्हणजे इथे राहण्याची परवानगी, आणि तशा अवस्थेत तिला घेऊन देश सोडावा लागला असता. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याने काही फरक पडला नाही. मला इनचार्जवरून खाली ऑपरेटर केलं. पगार खाली आला, आणि कुटुंबाला इथे ठेवायला जेवढा पगार लागतो त्याच्याही खाली गेला. बायकोचा आणि मुलीचा अकामा संपत आला होता. कंपनीचा कागदपत्रांचा माणूस, त्याला इथे मंडूब म्हणतात, तो कार्यालयातून परत आला आणि हात झटकत म्हणाला, खलास. शाळेची परीक्षा होईपर्यंत कशीबशी मुदत मिळाली. मग त्या दोघी पुण्याला गेल्या, बायकोच्या माहेरी. मी त्यांना विमानतळावर सोडून आलो आणि फ्लॅटमध्ये शिरल्यावर सवयीने पायाने चपला बाजूला सारायला गेलो, कारण दारात नेहमी दोघींच्या चपलांचा पसारा असायचा. तिथे काही नव्हतं.

मित्र दुसऱ्या कंपनीत गेला आणि दूर, शहराकडच्या रिग्गईला राहायला गेला. मी त्याचा नंबर पुसून टाकला. मी त्याच बिल्डिंगमध्ये मागच्या बाजूला एक खोली घेतली. तिथून समुद्र दिसत नाही, समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात. शुक्रवारची मंडळी हळूहळू पांगली. कुणी कॅनडाला, कुणी दुबईला, बरेचसे परत गेले.

एकटं राहण्याचं लोक उगाच कौतुक करतात. मला ते कधी जमलं नाही. मी स्वयंपाक शिकलो, पण एकट्यापुरती आमटी मला अजून करता येत नाही. नेहमी चौघांची होते आणि तीन दिवस पुरते. सुट्टीच्या दिवशी मी समुद्रावर चालायला जातो आणि अनोळखी कुटुंबांच्या मागे मागे थोडं चालतो, त्यांचं बोलणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. मुलीशी रोज फोन होतो. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. "फाइन, बाबा." "नथिंग, बाबा." तिच्या आवाजात चिडचिड नसते, प्रेमच असतं, पण घाई असते. ती आता कॉलेजात आहे. बायको एका शाळेत शिकवायला लागली. वर्षाला एक महिना मी पुण्याला जातो तेव्हा त्या दोघी मला चांगलं सांभाळतात, पाहुण्याला सांभाळतात तसं.

गेल्या वर्षी थंडीत आमच्या प्लांटचं मोठं शटडाउन निघालं. सगळं बंद करून दुरुस्ती करायची, त्यासाठी बाहेरच्या ठेकेदाराची माणसं येतात. पहिल्या दिवशी त्या लोकांना सुरक्षिततेचे नियम सांगायचे असतात आणि ते काम माझ्याकडे होतं. मी नेहमीची पोपटपंची सुरू केली आणि तिसऱ्या रांगेत माझा तो मित्र बसलेला दिसला. केस बरेच गेलेले, चष्मा लागलेला. मी बोलत राहिलो. शेवटी सगळ्यांना विचारायचं असतं, काही शंका? एरवी मी खोलीभर नजर फिरवतो. त्या दिवशी मी दरवाजाकडे बघून विचारलं.

दोन दिवसांनी खालच्या बकाल्यात दूध घ्यायला गेलो. बकाला म्हणजे इथलं किराण्याचं दुकान. ते चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे आहेत, अलीकडेच त्यांनी हे दुकान घेतलंय. म्हणाले, "तुमच्याकडं एक माणूस आला व्हता. चष्मेवाला. दोनदा आला."

"मग?"

"मंग काय, हितंच उभा ऱ्हायला. मी बोललो, लिफ्ट चालू हाय, वर जावा. तर नाय बोलला. पेप्सी घेतली आन गेला."

मी म्हटलं, पुन्हा आला तर सांगा मी घरी नसतो. चाचा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुमी कुठं जाताव कधी?"

त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर मी तो सिनेमा पुन्हा लावला. प्रोजेक्टर कधीच विकून टाकला होता, लॅपटॉपवर लावला. बर्फ तोच, चिखल तोच. पण या वेळी मला तो संधी देणारा अधिकारी असह्य झाला. याचं काय गेलंय, म्हणून हा एवढा मोठ्या मनाचा झालाय? दुसरा, गोळी घाला म्हणणारा, त्याचं म्हणणं मला शब्दाशब्दाला पटत होतं. आणि शेवटी तो परत आलेला माणूस मरतो तेव्हा मला दिग्दर्शकाचा रागच आला. फार सोपी सुटका केली म्हटलं याने. मेलेल्या माणसाला माफ करायला काय लागतं? त्याला दुसऱ्या दिवशी जेवायला वाढायचं नसतं. त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या नसतात. जिवंत राहिला असता तर त्याला घेऊन काय केलं असतं, हे त्यांनी दाखवायला हवं होतं. माझ्या शेजारी चहा ओतून घ्यायला कुणी असतं तर मी हे सगळं बोललो असतो. मी लॅपटॉप बंद केला आणि कपडे धुवायला टाकले.

पुढच्या आठवड्यात त्याने मला गाठलं. पार्किंगमध्येच. मला वाटतं त्याने जागा मुद्दाम निवडली नव्हती, तिथे माणूस सापडतोच. म्हणाला, "दोन मिनिटं."

"बोल."

"मला मुदीरकडे जायचंय. त्या वेळचं सगळं सांगायचंय. तू सांगितलं होतंस आणि मी खोटं बोललो, असं."

नवा मुदीर आला होता, आधीच्याला या प्रकरणाचा कंटाळा होता, याला नव्हता. मी म्हटलं, "मग जा की. मला कशाला सांगतोस?"

"तू हो म्हणालास तर जाईन. सगळं पुन्हा उकरलं जाईल. तुलाही बोलावतील. तुला नको असेल तर..."

"माझी परवानगी पाहिजे होय तुला? वेल्डिंगचं परमिट आहे का ते?"

त्याने मान खाली घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं, "आणि तुझं काय होईल?"

"गेट पास जाईल. कंपनी ठेवणार नाही. खोटी साक्ष दिलेल्या माणसाला कोण ठेवतं इथे."

"पोरगा कितवीत आहे?"

"पहिलीत."

तो मुलगा म्हणजे तोच, ज्याच्या जन्माआधी हे सगळं झालं. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. मला त्याची दया आली का, असं मी नंतर स्वतःला विचारलं. आली. पण त्याहून जास्त काहीतरी आलं. मला दिसायला लागलं की माझा हुद्दा परत मिळेल, पगार वर जाईल, मंडूब कागद घेऊन जाईल आणि या वेळी खलास म्हणणार नाही. समोरच्या बाजूचा फ्लॅट घेता येईल. बायको येईल. मुलगी सुट्ट्यांना येईल. दारात चपला पडतील. एवढी वर्षं मी हा विचार मनात येऊ दिला नव्हता आणि आता तो एकदम सगळाच आला. याच्या नोकरीच्या बदल्यात मला माझं घर मिळणार होतं. याने माझं घर देऊन आपलं वाचवलं होतं, तसंच.

"जा," मी म्हटलं. "सांग."

त्याने मान हलवली आणि चालायला लागला. त्याच्या चालण्यात घाई होती, उशीर झाला तर मन बदलेल अशी.

त्याने सांगितलं. मला बोलावलं, मीही सांगितलं. तो शेजारच्या खुर्चीवर होता. मुदीरने त्याला तीन-तीनदा विचारलं, की तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का, तुम्हाला काही मिळणार आहे का. हे आपणहून कुणी करेल हे त्याला पटतच नव्हतं. मित्र दरवेळी नाही म्हणाला. त्याच दिवशी त्याचा पास काढून घेतला. ठेकेदाराने आठवड्याच्या आत हिशेब करून टाकला. माझं काम मात्र सरकारी चालीने झालं. फायली फिरल्या, ईद आली, मुदीर सुट्टीवर गेला. शेवटी मला बोलावून सांगितलं की जुना हुद्दा परत दिला आहे, पुढच्या पगारापासून. मुदीर चांगला माणूस होता, त्याने उठून हात मिळवला. म्हणाला, आता कुटुंब आणा.

मी घरी येईपर्यंतही थांबलो नाही. गाडी समुद्राच्या रस्त्याला बाजूला घेतली आणि बायकोला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. ती रडली. म्हणाली, "शेवटी खरं निघालं ना. मी बाबांना सांगते. त्यांना फार वाटायचं." मी म्हटलं, बाबांना सांग आणि तुझे कागद काढून ठेव. फोटो नवे लागतील. तिने नुसतं हं केलं.

"काय गं?"

"मी कशी येऊ आता?"

मला वाटलं शाळेचं वर्ष मध्येच सोडायचं म्हणून म्हणतेय. मी म्हटलं, उन्हाळ्यानंतर ये.

"तसं नाही रे." ती फार हळू आणि फार नीट बोलत होती, वर्गात एखाद्या मुलाला समजावतात तसं. "बाबांचं आता अंथरुणातच सगळं आहे. पोरीचं कॉलेज इथे. माझी शाळा आहे. आणि तिकडे येऊन मी काय करू? तू बारा तास बाहेर. मी एकटी त्या फ्लॅटमध्ये. मला आता ते जमणार नाही." मग म्हणाली, "तू ये ना परत. तू का नाही येत?"

या वयात मला तिथे कोण नोकरी देणार, अजून थोडी वर्षं काढू दे, असं मी म्हणालो. हे मी दर वर्षी म्हणतो. ती म्हणाली, "बरं." मग तिने विचारलं, जेवलास का. समोर एक कुवैती कुटुंब समुद्राकाठी चटई टाकून बसलं होतं आणि त्यांची आजी सगळ्यांना थर्मासमधून चहा देत होती. मी त्यांच्याकडे बघत बसून राहिलो. कुणावर रागवावं हे मला कळत नव्हतं. बायकोचं चुकलं नव्हतं. मुलीचं नव्हतं. मित्राने तर जे मोडलं होतं ते परत आणून दिलं होतं, स्वतःचं मोडून. फक्त ते ठेवायला आता जागा नव्हती. एका माणसाची नोकरी मी अशा गोष्टीसाठी घेतली होती जी आता कुणालाच नको होती.

त्या शुक्रवारी मी रिग्गईला मित्राकडे गेलो. पत्ता चाचांनी दिला. तो पेप्सी प्यायला तेव्हा त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं. दार उघडंच होतं. बायको-मुलाला त्याने आधीच चिंचवडला पाठवलं होतं, स्वतः दुसरी नोकरी शोधत अकाम्याची मुदत संपेपर्यंत थांबला होता आणि आता घर रिकामं करत होता. मला बघून तो दारातच थांबला. मग बाजूला झाला.

बसायला काही नव्हतं, खाटसुद्धा कुणीतरी नेली होती. आम्ही जमिनीवर बसलो. त्याने खालून खबूस, म्हणजे इथली रोटी, आणि पनीर आणलं, आम्ही कागदावर ठेवून खाल्लं. मी त्याला बायकोचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तो म्हणाला नाही, की माझी नोकरी फुकट गेली. कागदावरचे तुकडे गोळा करत राहिला. मग म्हणाला, "वहिनींना गर्दी लागते. पहिल्यापासून. आठवतं, त्या वर्षी धुळीचं वादळ होतं, कुणी येणार नाही म्हणून तू सांगत होतास, तरी त्यांनी वीस जणांचा पुलाव केला होता?"

मला आठवत नव्हतं. तो सांगत गेला तसं आठवायला लागलं. धुळीने दुपारी चार वाजता अंधार झाला होता. तो एकटाच आला होता, तोंडाला रुमाल बांधून. माझी मुलगी त्याला घाबरली होती आणि मग तासभर तोच रुमाल बांधून घरभर फिरत होती. त्याला ती कुठल्या रंगाचा फ्रॉक घालून होती तेही आठवत होतं. तिचा वरचा दात तेव्हा पडलेला होता आणि ती 'स' म्हणायला लाजायची. ती सायकल शिकली ती समुद्राच्या रस्त्यावर, आणि मी दमून बाकावर बसलो तेव्हा मागून हा धावत होता. ती पडली तेव्हा तिने माझ्या नाही, याच्या नावाने हाक मारली होती. तेव्हा मला जरा वाईट वाटलं होतं, तेही याला माहीत होतं.

"तुझं तोंड पडलं होतं," तो म्हणाला. "मी वहिनींना सांगितलं नाही."

मी हसलो. किती दिवसांनी मराठीत हसलो ते मला सांगता येणार नाही.

त्याचं विमान संध्याकाळचं होतं. मी त्याला सोडायला गेलो. वाटेत तो म्हणाला, मुलाला तिकडच्या शाळेत घातलंय, त्याला मराठी वाचता येत नाही, आता शिकेल. विमानतळाच्या दाराशी आम्ही गाडीतून बॅगा काढल्या. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू मला काही बोलला नाहीस. तेव्हाही आणि आताही."

काय बोलायचं होतं मला? माफ केलं असं म्हणावं तर ते खरं नव्हतं. अजूनही त्या खोलीतलं त्याचं टेबलाकडे बघणं मला आठवतं आणि अंगात कढ येतो. माफ केलं नाही असं म्हणावं तर मला त्याची बॅग हातातून सोडवत नव्हती. मी म्हटलं, "पोचलास की फोन कर."

"करतो."

तो आत गेला. काचेपलीकडे रांगेत उभा असलेला दिसत होता, मग एका मोठ्या कुटुंबामागे दिसेनासा झाला. मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. बायकोचा फोन आला. तिने विचारलं, "गेला का तो? तू माफ केलंस का त्याला?"

मी म्हटलं, "गेला."

"वाईट वाटतंय?"

मी हो म्हणालो. का, ते तिला सांगितलं नाही. ते मला गाडी सुरू करताना कळलं होतं, आणि तिला सांगून काही उपयोगही नव्हता. माझी मुलगी लहान असताना ज्यांनी पाहिली, तिचा पडलेला दात ज्यांना माहीत होता, अशी सगळी माणसं आता या देशातून गेली होती. आता इथे तसा मी एकटाच.